डिझेल एंजिनाचा पंप : तपासावा की बदलावा?

दिल्लीतील सरोजिनी नगर हे दिल्ली परिवहन निगमाच्या बस-आगारांचे एक ठिकाण. राजधानीतील बसगाड्या विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुख्यतः डिझेलवर धावत असत. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नैसर्गिक वायूवर चालविण्याचा आदेश दिला, आणि २००२ च्या अखेरीस तेथील शहरबसगाड्यांतून डिझेल हद्दपार झाले. तथापि मालमोटारी, ट्रॅक्टर, विहिरीवरील एंजिने व वीजजनित्रे यांत त्याचे राज्य अजून चालूच आहे. म्हणूनच बसच्या आगारात एके काळी नित्य पडणारा प्रश्न आज शेतकऱ्याला आणि दुकानदारालाही पडतो. एंजिन धूर ओकू लागले, जोर कमी झाला. आता इंधनाचा पंप तपासून घ्यावा, की सरळ नवा बसवावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी पंपाचे कार्य समजून घेतले पाहिजे. डिझेल एंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तिचे आकारमान सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शावर आणली म्हणजे तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या तप्त हवेत नेमक्या क्षणी, नेमके तेवढेच इंधन तुषाररूपाने सोडावे लागते. हे काम पंपातील दट्ट्या व त्याचे नळकांडे ही जोडी करते. कारखान्यातील मिस्त्री तिला ‘एलिमेंट’ म्हणतात. या दोहोंमधील फट मिलिमीटरच्या अवघ्या दोन-तीन सहस्रांशांची असते; माणसाचा केस तिच्याहून वीसपट तरी जाड भरेल. येथे रबर नाही की चामड्याचा वायसर नाही. उत्तम घडणीवर आणि डिझेलच्याच पातळ थरावर सारी भिस्त असते.

मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या चार-धावी एंजिनात हा दट्ट्या मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५,००० वेळा वर जातो. हजार तासांत हा आकडा साडेचार कोटींवर पोहोचतो! लहान एंजिनात दर खेपेस जाणारे इंधन जेमतेम एका थेंबाएवढे असते. टाकीतील धूळ व पाणी या जोडीत शिरले म्हणजे झीज सुरू होते. मात्र ती डोळ्यांना दिसत नाही.

झिजलेल्या पंपाची एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एंजिन थंड असता सुरू होते, पण तापल्यावर बंद केले की पुन्हा सुरू होण्यास कुरकुर करते. उष्णतेने डिझेल पातळ होते, आणि एंजिन सुरू करताना दट्ट्याची गती मंद असल्याने फटीतून गळावयास त्याला भरपूर अवधी मिळतो. वेगात मात्र हाच पंप धडधाकट भासतो.

परंतु केवळ धुरावरून पंपाला दोषी ठरविणे योग्य नव्हे. हवेची गाळणी तुंबली वा एंजिनावर अतिभार पडला, तरी काळा धूर येतो. दाब कमी पडला वा इंधन उशिरा सुटले, तर पांढरा धूर येतो. इंधनाच्या नळीत हवा शिरली तरी एंजिन अडखळते. म्हणून आधी गाळण्या पाहाव्या, नळीतील हवा काढावी, नोझल तपासून घ्यावे आणि मग सिलिंडरचा दाब व इंधन सुटण्याची वेळ पाहावी. ही कामे स्वस्त असून पुष्कळदा दोष येथेच सापडतो. नोझलच्या फवाऱ्यापुढे मात्र हात कधीही धरू नये. ती धार कातडी भेदून आत शिरते.

एवढे करूनही दोष कायम राहिला, तर पंप उतरवून चाचणी-यंत्रावर चढवावा. तेथे तो ठराविक वेगाने फिरवितात, ठराविक खेपांत पडलेले तेल अंशांकित काचनळ्यांत मोजतात आणि निर्मात्याच्या कोष्टकाशी ताडून पाहतात. निर्णय या आकड्यांनी करावा. सर्व एलिमेंटे पुरेसे इंधन देत असून त्यांच्या मापांत थोडाच फरक असेल, तर पंप पुन्हा जुळवून घेणे पुरे. वेगात माप ठीक, पण मंद गतीस कमी पडत असेल, तर एलिमेंट किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलावा. कॅमशाफ्ट, गव्हर्नर आणि पंपाचे अंग हीच झिजली असतील, सुटे भाग मिळत नसतील, अथवा दुरुस्तीचा खर्च नव्या पंपाच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर बदलणेच शहाणपणाचे. एका सिलिंडरच्या लहान एंजिनाचा पंप स्वस्त असतो. तेथे चाचणीसाठी शहराची वारी करण्यापेक्षा नवा एलिमेंट बसविणे कित्येकदा परवडते. बहुसिलिंडरी पंपाच्या बाबतीत मात्र चाचणीचे पैसे सहसा वाया जात नाहीत.

निर्णय कोणताही होवो, टाकी धुऊन गाळण्या बदलल्यावाचून पंप पुन्हा बसवू नये. ज्या गाळाने जुना पंप खाल्ला, तोच नव्यालाही खाईल. आणि मग मालकाच्या पैशाचा व भोवतालच्या हवेचा नाश पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.