घरातल्या गाण्याचे भाडे : सेवा निवडताना हिशेब कसा मांडावा

रेकॉर्डच्या जमान्यात गाणे विकत घेतले जात असे. पुढे कॅसेट आली, मग सीडी आली, त्यानंतर मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणण्याचे दिवस आले. साधने बदलली तरी वस्तू आपल्या कपाटात राहत होती. आता गाणे भाड्याने मिळते. महिन्याचे पैसे भरावेत तोवर लाखो गाणी हाताशी असतात. पैसे थांबले की कपाट रिकामे होते. मालकीचा गाळा आणि भाड्याचा गाळा यांतला फरक व्यापारी बांधवांना समजावून सांगण्याची गरज नाही. भाड्याचा गाळा वाईट नसतो, पण तो घेताना पाहायच्या गोष्टी वेगळ्या असतात. गाण्याच्या सेवेचेही तसेच आहे.

गाणे ऐकावे की नाही, वाद्यासह ऐकावे की वाद्याविना, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. हा लेख त्या घरांसाठी आहे जिथे हम्द-नात, कव्वाली, गझल किंवा जुनी फिल्मी गाणी ऐकली जातात आणि त्यासाठी दरमहा पैसे भरावेत की काय, असा विचार चालू आहे.

दुकान टिकेल का?

बाजारात आज स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक, ॲपल म्युझिक, ॲमेझॉन म्युझिक अशी बरीच नावे आहेत. यातले प्रत्येक नाव कायमचे आहे असे मात्र समजू नये. रेसो नावाची सेवा ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतात बंद झाली. त्याच वर्षी एअरटेलने आपली विंक म्युझिक ही सेवा गुंडाळली. विंक २०१४ पासून चालू होती आणि अनेकांना ती रिचार्जबरोबर फुकट मिळत असल्याने घरोघर पोचली होती. गाना या सेवेने २०२२ मध्ये फुकट ऐकणे बंद करून वर्गणी सक्तीची केली.

अशा वेळी गाण्यांपेक्षा याद्यांचे नुकसान मोठे असते. अब्बांच्या आवडीच्या शंभर चिजा दोन वर्षे एकेक करून जमवलेल्या असतात आणि दुकानाचे शटर पडले की ती मेहनत वाया जाते. म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. घरातल्या आवडीची यादी सेवेच्या भरवशावर न ठेवता वहीत उतरवून ठेवावी. गाण्याचे नाव, गायकाचे नाव, चित्रपट किंवा कंपनीचे नाव एवढे पुरे. सेवा बदलली तरी यादी आपल्याजवळ राहते.

माल दुसऱ्याचा असतो

या सेवा स्वतः गाणी बनवत नाहीत. त्या आडत्यासारख्या आहेत. माल रेकॉर्ड कंपन्यांचा, विक्री यांची. कंपनीशी भाव जुळला नाही तर माल रातोरात उचलला जातो.

स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली. सारेगामा, म्हणजे आपली जुनी एचएमव्ही, हिच्याशी करार नसल्याने मामला एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि सारेगामाची गाणी तिथून काढावी लागली. रफी, लता, तलत, मुकेश यांच्या सुवर्णकाळातील गाण्यांचा फार मोठा साठा याच कंपनीकडे आहे. २०२० मध्ये करार झाल्यावर ती गाणी परत आली. मधल्या काळात ज्याने केवळ जुन्या गाण्यांसाठी पैसे भरले असतील त्याच्या हाती काय पडले असेल, याचा विचार करावा. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक कंपनीच्या गाण्यांबाबतही असेच झाले.

गझलेच्या शौकिनांना तिसरे उदाहरण जवळचे वाटेल. ८ मे २०२५ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने पाकिस्तानी मूळ असलेले चित्रपट, मालिका, गाणी व अन्य कार्यक्रम बंद करण्याची सूचना अशा सर्व सेवांना दिली. त्यानंतर तिकडची बरीच गाणी इथल्या याद्यांतून दिसेनाशी झाली. ज्या घरात मेहदी हसन किंवा गुलाम अली ऐकले जातात त्यांनी पैसे भरण्याआधी आपल्याला हवी असलेली नेमकी मैफल आज तिथे आहे का, हे पाहावे.

वीस चिजांचा नमुना

कापड घेताना आपण नमुना पाहतो, बोटांत धरून पोत तपासतो, मग सौदा करतो. इथेही तसेच करावे. बहुतेक सेवा काही दिवस फुकट वापरायला देतात किंवा जाहिरातींसह फुकट चालतात. या काळात घरातल्या सगळ्यांना विचारून वीस चिजांची यादी करावी. त्यात नव्या गाण्यांचे प्रमाण कमी ठेवावे, कारण नवी गाणी सर्वत्र मिळतात. परीक्षा जुन्या आणि दुर्मिळ मालाची होते. शकीला बानो भोपाली, यूसुफ आझाद, अझीझ नाझाँ, इस्माईल आझाद, हबीब पेंटर यांची कव्वाली, हवी ती नात, एखादे जुने मराठी गीत अशा चिजा यादीत असाव्यात. वीसपैकी पंधरा-सोळा सापडल्या तर सेवा आपल्या घराच्या कामाची आहे. सात-आठच सापडल्या तर जाहिरातीत कितीही कोटी गाणी लिहिली असोत, आपल्याला त्यांचा उपयोग नाही.

शोधताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली गोष्ट शब्दांच्या लेखनाची. या सेवांवर बहुतेक नावे इंग्रजी लिपीत असतात. ‘कव्वाली’ कोणी क्यू ने लिहितो, कोणी के ने. ‘गझल’मध्ये कोणी एच घालतो, कोणी घालत नाही. आपल्यापैकी जे उर्दू शाळेत शिकले त्यांच्या मनातला हिज्जे आणि यंत्रातला हिज्जे जुळेलच असे नाही. एका प्रकारे न सापडल्यास दुसऱ्या प्रकारे लिहून पाहावे, नाहीतर बोलून शोधावे.

दुसरी गोष्ट नकलेची. १९८० च्या दशकात टी-सीरीजने जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातील स्वस्त कॅसेट काढून मोठा बाजार मिळवला. तशा आवृत्त्या आजही मूळ गाण्याच्याच नावाने समोर येतात. नाव तेच असते, पण गायक वेगळा असतो. हातमागाच्या पैठणीशेजारी यंत्रमागाची पैठणी ठेवावी तसा हा प्रकार आहे. नकलेला ग्राहक असू नये असे नाही, पण आपण काय घेत आहोत हे ग्राहकाला माहीत असावे. गाण्याखाली गायकाचे आणि कंपनीचे नाव वाचून मगच ते आपल्या यादीत घ्यावे.

उंची दर्जा कोणाला हवा?

सध्या ‘लॉसलेस’ या शब्दाचा बोलबाला आहे. साध्या भाषेत सांगायचे तर नेहमीच्या सेवेत गाणे दाबून लहान केलेले असते आणि त्यात थोडा अंश गळतो. लॉसलेसमध्ये काही गळत नाही. ॲपल म्युझिकने हे २०२१ मध्ये सुरू केले, स्पॉटिफायने २०२५ मध्ये. ऐकायला छान वाटते, पण पैसे भरण्यापूर्वी घरातले यंत्र पाहावे.

आपल्याकडे बहुतेक घरांत ब्लूटूथचा स्पीकर असतो. सामान्य ब्लूटूथ गाणे पाठवताना ते पुन्हा दाबूनच पाठवते. म्हणजे उंची माल घेतला आणि वाटेत तो मध्यम करून घरी आणला, असे होते. लॉसलेसचा फायदा हवा असेल तर तारेने जोडलेला चांगला स्पीकर किंवा हेडफोन हवा, नाहीतर वायफायवर चालणारा तसा स्पीकर हवा.

शिवाय मूळ रेकॉर्डिंग जसे असेल तसेच ऐकू येणार. १९५० च्या दशकातले एका माइकसमोर गायलेले गाणे किंवा झिजलेल्या कॅसेटवरून उतरवलेली कव्वाली कोणत्याही दर्जात घेतली तरी तिची खरखर जाणार नाही. सूत जाडे असेल तर वरून कितीही फिनिशिंग केले तरी कापड बारीक होत नाही.

इंटरनेटचा खर्चही यात धरावा. १६० केबीपीएस दर्जावर तासाला ७२ एमबी लागतात, ३२० वर १४४ एमबी. लॉसलेसला सीडीच्या दर्जावर साधारण ३०० ते ४५० एमबी जातात. रोज दोन तास ऐकणाऱ्या घराला ३२० च्या दर्जावर महिन्याला सुमारे साडेआठ जीबी पुरतात. घरी तारेचे इंटरनेट असेल तर काळजी नाही. मोबाइलच्या पॅकवर घर चालत असेल तर १६० चा दर्जा बैठकीच्या खोलीसाठी पुरेसा आहे.

घरात माणसे किती?

स्पॉटिफायवर एका माणसाच्या वर्गणीत एका वेळी एकाच यंत्रावर गाणे चालते. आजोबा घरात स्पीकरवर कव्वाली ऐकत आहेत आणि नातवाने कॉलेजला जाताना त्याच खात्यावर गाणे लावले, की घरातली कव्वाली थांबते. यावरून घराघरांत कुरबुरी होतात. ऐकणारे तीन-चार असतील तर कुटुंबाची वर्गणी परवडते. यूट्यूब म्युझिकच्या कुटुंब वर्गणीत सहा माणसे बसतात. अट अशी की सर्वांनी एकाच पत्त्यावर राहायला हवे. भिवंडीचा भाऊ आणि मालेगावची बहीण यात धरता येत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मोबाइलची खटपट नको असेल तर सेवा घ्यायलाच हवी असे नाही. सारेगामाचा कारवाँ हा २०१७ मध्ये आलेला खोका पाच हजार जुनी गाणी भरून मिळतो. त्याला इंटरनेट लागत नाही आणि महिन्याचे पैसेही लागत नाहीत. १९५७ पासून चालू असलेली विविध भारती तर आजही फुकट आहे.

पैशाचा हिशेब

नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने भारतात तीन दर जाहीर केले : लाइट १३९ रुपये, स्टँडर्ड १९९ रुपये आणि प्लॅटिनम २९९ रुपये महिना. लाइटमध्ये दर्जा १६० पर्यंत आहे आणि गाणी उतरवून ठेवता येत नाहीत. स्टँडर्डमध्ये ३२० चा दर्जा आणि उतरवण्याची सोय आहे. लॉसलेस फक्त प्लॅटिनममध्ये आहे. वर्षाचा हिशेब केला तर हे आकडे १,६६८, २,३८८ आणि ३,५८८ होतात. ब्लूटूथ स्पीकर असलेल्या घराने केवळ आवाजाच्या दर्जासाठी प्लॅटिनम घेतले तर वर्षाला १,२०० रुपये जास्त जातात आणि कानाला फरक कळत नाही. त्या बाराशेत बरा हेडफोन येतो.

पहिल्या वेळी वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. नव्या गिऱ्हाइकाला आपण लगेच मोठी उधारी देत नाही, तसेच इथे एक-एक महिना पाहावा. फुकटच्या मुदतीत कार्डाचा नंबर किंवा यूपीआयची मंजुरी घेतली जाते आणि मुदत संपताच पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ती वाचत जावी. सेवा नको असेल तर मोबाइलवरून ॲप पुसून काही होत नाही. वर्गणी रद्द करावी लागते, आणि यूपीआयमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन मंजुरी मागे घेता येते.

आणखी एक इशारा. घरची वर्गणी घरासाठीच असते. तीच लावून दुकानात गिऱ्हाइकांसमोर गाणी वाजवणे सेवेच्या अटीत बसत नाही. दुकानासाठी गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा वेगळा परवाना लागतो.

जे बाजारात मिळत नाही

सेवेतून ‘उतरवलेले’ गाणे आपले होत नाही. ते त्या ॲपमध्येच चालते. स्पॉटिफायवर तर तीस दिवसांतून एकदा इंटरनेट जोडले नाही तर तेही बंद पडते.

आणि घराघरांत असा ठेवा आहे जो कोणत्याच सेवेवर मिळणार नाही. मोहल्ल्यात झालेला मुशायरा, उरुसातल्या कव्वालीची रात्र, आजोबांच्या आवाजातली नात कधीतरी टेपवर भरलेली असते. कॅसेटची पट्टी काळाने खराब होते आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चालले आहेत. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक तार संगणकाला जोडून, ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने ती कॅसेट उतरवून घेता येते. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात. घरातल्या कॉलेजच्या मुलाला एका सुट्टीत हे काम जमेल. उतरवलेली फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. यूट्यूब म्युझिकवर आपली स्वतःची गाणी चढवून ऐकण्याचीही सोय आहे.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी घरच्या कॅसेट वाचवाव्यात, मग वीस चिजांची यादी करावी, मग घरातला स्पीकर आणि माणसे पाहून एका महिन्यापुरती सेवा घ्यावी. महिनाअखेरीस यादी आणि पासबुक समोर ठेवून पुढचे ठरवावे. भाडे देण्यात कमीपणा नाही. मात्र आपले काय आणि भाड्याचे काय, हे घरात सर्वांना ठाऊक असले पाहिजे.