देशप्रेमाचा एकच साचा नसतो

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी शाळेच्या मैदानावर आम्हा शिक्षकांना दरवर्षी तऱ्हेतऱ्हेची मुले दिसतात. एक पुढे येऊन घोषणा देतो, भाषण ठोकतो. एखादी मुलगी मागच्या रांगेत गप्प उभी असते. पण कार्यक्रम संपल्यावर जमिनीवर पडलेले कागदी झेंडे तीच गोळा करते. तिसऱ्याला प्रश्न पडतो, फाळणी का झाली आणि आपले वाडवडील इथेच का राहिले? टाळ्या पहिल्याला मिळतात. बाकीच्यांचे पालक, विशेषतः आपल्या समाजातले, काळजीत पडतात, ‘‘आमचा मुलगा गप्पच असतो, लोक काय समजतील?’’ ही काळजी उगाच आलेली नाही. आपल्या मुलांना खेळताना, बसमध्ये, कधी वर्गातही देशावरचे प्रेम सिद्ध करायला सांगितले जाते. म्हणून स्वभाव आणि राष्ट्रभावना यांचे नाते समजून घेणे आपल्या घरांसाठी जास्त गरजेचे आहे.

मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानले जातात: नवे जाणून घेण्याची ओढ, शिस्त, लोकांत मिसळण्याची आवड, जुळवून घेण्याची वृत्ती आणि मन लवकर अस्वस्थ होणे. हे पाचही प्रत्येकात असतात, प्रमाण वेगळे असते. लोकांत रमणाऱ्याला देश मिरवणुकीत आणि क्रिकेटच्या सामन्यात भेटतो. शिस्तीच्या माणसाला तो वेळेवर कर भरण्यात आणि मतदान न चुकवण्यात दिसतो. जिज्ञासू माणूस देशाला प्रश्न विचारतो. जुळवून घेणाऱ्यासाठी देश म्हणजे आधी शेजारी. आणि हळव्या मुलाला एक टोमणाही ‘आपण इथले नाही की काय’ असे वाटायला लावतो. अर्थात स्वभाव एकटा सारे ठरवत नाही. घर, शाळा आणि अनुभव यांचाही त्यात वाटा असतो.

स्वातंत्र्यलढ्यातले दोन मौलाना पाहा. मौलाना हसरत मोहानी हे बेधडक, कुणाची भीड न बाळगणारे. ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणा त्यांनीच दिली. १९०८ मध्ये आपल्या मासिकातील लेखामुळे ते तुरुंगात गेले आणि तिथे त्यांना जाते ओढावे लागले. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. खुद्द गांधीजींनी विरोध केला, ठराव फेटाळला गेला. तरी मौलाना मागे हटले नाहीत. काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला तो १९२९ मध्ये, लाहोरला.

दुसरे मौलाना अबुल कलाम आझाद. वक्ते मोठे, पण मनाने एकांतप्रिय. १९४२ च्या ‘छोडो भारत’ ठरावानंतर काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या आझादांना नेहरू, पटेल यांच्यासह आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. तिथे पहाटे उठून स्वतः चहा करावा आणि लिहीत बसावे, हा त्यांचा क्रम. चहा, चिमण्या, संगीत, इतिहास अशा विषयांवरची ती पत्रे पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. कैदेत असतानाच १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचे निधन झाले. त्यांच्या आजारपणातही आझादांनी इंग्रज सरकारकडे सवलत मागितली नाही. त्यात घोषणा नव्हती, पण ते देशप्रेम हसरत मोहानींपेक्षा कमी होते असे कोण म्हणेल?

आपल्या दीनी इतिहासातही हेच दिसते. हजरत अबू बकर (रजि.) मृदू, हजरत उमर (रजि.) कडक. बद्रच्या कैद्यांबाबत दोघांनी अगदी वेगळे सल्ले दिले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोघांनाही जवळ ठेवले, एकाला दुसऱ्यासारखे व्हायला सांगितले नाही.

घरात हे कसे उतरवायचे? बोलक्या मुलाला वक्तृत्वाला, स्काऊटला जरूर पाठवा. पण दुसऱ्याला कमी लेखणे म्हणजे देशप्रेम नव्हे, हेही शिकवा. अबोल मुलीला मंचावर ढकलू नका. निबंध, चित्र, झाडांची निगा यांतून तिला वाट द्या. प्रश्न विचारणाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणू नका. त्याच्यासोबत पुस्तक उघडा. आणि टोमणा ऐकून घरी आलेल्या मुलाचे आधी पूर्ण ऐकून घ्या. मग त्याला सांगा, बेटा, तुझे नागरिकत्व राज्यघटनेने दिलेले आहे. मोठ्याने ओरडून पास व्हायची ती परीक्षा नाही. प्रकार गंभीर असेल तर शाळेत जाऊन शांतपणे बोला.

स्वभाव ही कर्तव्यातून सुटका मात्र नाही. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर, बंधुभाव, सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण ही घटनेच्या कलम ५१ क मधील कर्तव्ये बोलक्यालाही आहेत आणि अबोलालाही. या कलमात आज ११ कर्तव्ये आहेत. त्यातले अकरावे, २००२ च्या दुरुस्तीने आलेले, थेट आई-वडिलांसाठी आहे: ६ ते १४ वर्षांच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी देणे. मुलाच्या देशप्रेमाची चिंता करण्याआधी आपण अम्मी-अब्बूंनी आपले हे कर्तव्य तपासून पाहावे. त्याला कोणत्याही स्वभावाची अट नाही.