डब्यावरचे व्याकरण

आमच्या मोतीचे दात गेले, तेव्हा मी त्याला डब्यातले ओले अन्न घालू लागलो. डब्यावर ‘प्रथिने 8 टक्के’ वाचून मात्र मी चरकलो. कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर तर 24 होती! सौ. म्हणाली, “अहो, पाणी किती ते पाहिलंत का?” पाणी होते 80 टक्के! म्हणजे उरलेल्या 20 भागांत 8 प्रथिने. हिशेब 40 टक्क्यांचा. पिशवीत पाणी 10 टक्के. तिचा हिशेब जेमतेम 27 चा.

मग मी शब्दांकडे वळलो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, पण वजन शिजवण्यापूर्वीचे. म्हणून पाण्याने जड झालेले मांस पहिला नंबर पटकावते. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे ‘कोंबडीसह’ म्हणायला 3 टक्के कोंबडी पुरते, ‘कोंबडीचे जेवण’ म्हणायला 25 लागते. एका प्रत्ययाची ही किमया!

सर्वांत मोलाचे शब्द ‘पूर्ण व संतुलित आहार’. आमच्या डब्यावर बारीक अक्षरांत होते ‘पूरक’. तीन महिने मी तेच पोटभर घालीत होतो आणि मोती रोडावत होता. आता डबा बदलला आहे. मोती भरला आहे.

वर्गात मी मुलांना सांगतो, शब्द तोलून वाचा. माझी परीक्षा मात्र एका मुक्या जिवाने घेतली, आणि नापास होऊनही शेपटी हलवली!