नायलॉनच्या दस्त्याची रायफल

राष्ट्रीय छात्रसेनेंत ज्यांनीं नेमबाजी केली आहे, त्यांस पॉइंट बावीस बोराची रायफल परिचित असेलच. हिच्या काडतुसाच्या बुडाच्या कडेंत पेट घेणारें द्रव्य भरलेलें असतें. कडेवर आघात होतांच बार उडतो. कड चेपली जावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो. अर्थात् आंतील दाब बेताचाच असतो व रायफल हलकी करतां येते.

पूर्वी दस्ता बहुधा लांकडी असे. नाकाडोंगरीस पावसाळ्यांत दारें फुगून चौकटींत अडकतात. दमट हवेनें लांकडी दस्ताही तसाच वांकतो व नेम चुकतो. लांकूड घडविण्याचा खर्चही मोठा. अमेरिकेंतील रेमिंग्टन कंपनीनें १९५९ सालीं 'नायलॉन ६६' ही रायफल काढिली. तिचा दस्ता ड्यूपाँ कंपनीच्या 'झायटेल' नायलॉनचा असून आंतील सरकते भागही नायलॉनवरच फिरतात. म्हणून तेलाची गरज फारशी पडत नाहीं. अशा दहा लाखांहून अधिक रायफली निघाल्या.

आतां संग्राहक तिचा शोध घेतात. पारखतांना प्रथम दस्त्यास तडा आहे काय तें पाहावें, कारण हें नायलॉन सहसा चिकटत नाहीं. हिरवा दस्ता थोडींच वर्षें निघाल्यानें दुर्मिळ आहे.

आपल्या देशांत मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें परवान्यावांचून रायफल बाळगणें गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानेदारास दोनच बंदुका ठेवतां येतात. म्हणून विद्यार्थ्यांनीं चित्रें व माहिती जमवावी. घरांत आजोबांच्या वेळची बंदूक सांपडल्यास तिला हात न लावतां वडील मंडळींस सांगावें, व त्यांनीं पोलीस ठाण्यांत कळवावें.