निवाऱ्यातलं मूल आणि त्याची शाळा

एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीच्या सरोजिनी नगरातल्या सुमारे २०० झोपड्या पाडायला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. अर्जदारांत दहावीची एक मुलगी होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती.

घर गेलं की कुटुंब रैन बसेऱ्यात येतं आणि मुलांची शाळा सुटते. ती सुटू नये म्हणून २००९ चा शिक्षण हक्क कायदा माहीत हवा. जन्मदाखला नाही, वर्ष अर्धं सरलंय, जुन्या शाळेचा दाखला आलेला नाही, यांपैकी कशावरूनही प्रवेश नाकारता येत नाही.

मात्र हा कायदा आठवीपर्यंतच. म्हणून नववी-दहावीच्या मुलांना आपण जपायचं: रात्री दिवा, शांत कोपरा, परीक्षेचा फॉर्म वेळेवर. मूल अडचणीत दिसलं, तर १०९८ लावा.