लसूणघासाची पेरणी आणि जुने ट्रॅक्टर

लसूणघास हे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असेल. नावात लसूण आहे, परंतु लसणाशी ह्या पिकाचे कसलेही नाते नाही. नाते आहे ते मेथीशी. मेथीसारखीच तीन तीन पाने, फूल मात्र जांभळे. इंग्रज त्याला ल्यूसर्न म्हणतो आणि अमेरिकन अल्फाल्फा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा त्याचा वाण आपल्याकडील पशुपालकांच्या चांगला परिचयाचा आहे. परंतु आज आम्हांला सांगावयाचे आहे ते अमेरिकेतील पेरणीविषयी. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा ह्या राज्यांत प्रचंड यंत्रांनी शेती करणारे लोक आहेत, तसेच सत्तर-ऐंशी वर्षांचा ट्रॅक्टर आणि तितकेच जुने पेरणीयंत्र घेऊन हे पीक पेरणारे शेतकरीही अजून आहेत. ही नुसती हौस आहे की त्यात काही विद्या आहे, हे पाहण्यासारखे आहे.

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वैरणीवर का बोलावे, असे कोणी विचारील. आम्ही शेतकी कॉलेजचे बाक पाहिलेले नाहीत. जे शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर. पण बी पडते ते यंत्रातून, आणि यंत्र घडवितो तो आमचाच माणूस. तेव्हा विषय आमच्या वाटेवरचाच आहे.

प्रथम पिकाची ओळख. अल्फाल्फा हा शब्द अरबांनी दिला, पण त्याच्या मुळाशी जुना फारसी शब्द आहे आणि त्याचा अर्थ घोड्याचे खाद्य असा होतो. फारसीतला अस्प आणि संस्कृतातला अश्व हे एकाच घरचे. घोडदळ जेथे गेले तेथे हे गवत गेले. इराणी फौजांबरोबर ते ग्रीसमध्ये आले असे प्लिनी हा रोमन ग्रंथकार सांगतो. पुढे स्पॅनिश लोकांनी ते अमेरिका खंडात नेले. मात्र उत्तरेकडील राज्यांत, जेथे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते, तेथे ते टिकेना. ते टिकविले एका साध्या शेतकऱ्याने. व्हेंडेलिन ग्रिम हा जर्मनीतील बाडेन प्रांतातून १८५७ मध्ये मिनेसोटातील कार्व्हर परगण्यात स्थायिक झाला. येताना त्याने वीस पौंडांच्या आतच बी आणले होते. पहिल्या हिवाळ्यांत बरीचशी रोपे मेली. जी जगली त्यांचे बी धरावे, तेच पुन्हा पेरावे, असे तो वर्षानुवर्षे करीत राहिला, आणि थंडी सोसणारा वाण त्याच्या शेतात तयार झाला. विद्यापीठातील पंडितांचे तिकडे लक्ष गेले ते पुष्कळ वर्षांनी. आज तो वाण ग्रिम ह्याच नावाने ओळखला जातो.

आता पेरणी. ह्या पिकाची सगळी अडचण बियाच्या आकारात आहे. एका पौंडात सुमारे दोन लाख बिया बसतात. एवढ्याशा बीमध्ये अन्नाचा साठा तो किती असणार? अर्ध्या इंचाहून खोल गेले की अंकुर वर येण्याआधीच संपतो. अगदी वर राहिले तर ऊन त्याला वाळवून टाकते. म्हणजे पाव ते अर्धा इंच एवढ्याच पट्टीत ते पडले पाहिजे. ज्वारी किंवा मका पेरताना माणूस जेवढी चूक करू शकतो तेवढी येथे करता येत नाही.

म्हणून खरे काम पेरणीच्या आधीचे. जमीन आंबट असेल तर हे पीक नांदत नाही. पेरणीच्या सहा महिने वा वर्षभर आधी मातीची परीक्षा करून चुनखडीची भुकटी टाकतात. नांगरट शक्यतो आदल्या हिवाळ्यापूर्वीच उरकलेली असते. वसंतात वाफसा आला की तव्यांचा कुळव फिरवावयाचा, मग दातेरी कुळव, आणि मग बिडाच्या नालीदार कड्यांचा जड रूळ. ह्या रुळाचे महत्त्व शहरी माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. पिकाला भुसभुशीत जमीन हवी असे आपण शाळेपासून ऐकलेले असते. पण ह्या बियाला जमीन वरून घट्ट हवी. घट्ट मातीत ओलावा, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसा, खालून वर चढतो. आणि पेरणीयंत्राचे तवे घट्ट जमिनीत खोल रुतत नाहीत. जुने शेतकरी ह्याची परीक्षा बुटाने करतात. शेतात चालून पाहावयाचे. टाच अर्ध्या इंचाहून अधिक रुतली तर रूळ पुन्हा फिरवावयाचा. ह्या परीक्षेला कसलेही उपकरण लागत नाही.

आपल्याकडे पाभरीमागे चालणारा माणूस चाड्यात मुठीने बी सोडतो. माप त्याच्या मुठीत असते. तिकडच्या जुन्या पेरणीयंत्रात माप चाकात आहे. यंत्राचे चाक जमिनीवर फिरते, त्यावरून साखळी किंवा दाते फिरतात, आणि ते पेटीच्या तळातील खाचांतून बी खाली सोडतात. ट्रॅक्टर सावकाश चालला काय किंवा जरा झपाट्याने चालला काय, चाकाच्या एका फेऱ्याला पडणारे बी ढोबळ मानाने तेवढेच. मोठ्या पेटीत ओट भरतात आणि पुढे किंवा मागे लावलेल्या लहान पेटीत लसूणघासाचे बी. ओट लवकर उगवतो, तणाला दाबतो, कोवळ्या रोपांवर थोडी सावली धरतो. तिकडचे लोक त्याला दाईच म्हणतात. दाईने फार खाल्ले तर बाळ उपाशी राहते, म्हणून ओटाचे बी नेहमीपेक्षा कमी टाकतात व पीक पुष्कळदा हिरवेच वैरणीसाठी कापून घेतात.

पण पन्नास-साठ वर्षे झिजलेल्या यंत्राच्या झाकणावर छापलेल्या कोष्टकावर विश्वास कसा ठेवावा? येथे शेतकरी जो हिशेब करतो तो आम्हांला फार आवडला. समजा, यंत्राची पेरणीची रुंदी ८ फूट आणि चाकाचा घेर १२ फूट आहे. एका फेऱ्यात ९६ चौरस फूट जमीन पेरली गेली. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तेव्हा एकराला सुमारे ४५४ फेरे, आणि एकराच्या दहाव्या भागाला ४५. चाकाखाली जॅक लावावा, खाली ताडपत्री पसरावी, चाक हाताने ४५ वेळा फिरवावे आणि पडलेले बी तोलावे. एकरी १२ पौंड म्हणजे सुमारे ५४४० ग्रॅम टाकावयाचे असेल तर तागडीत ५४४ ग्रॅम भरले पाहिजेत. कमी भरले तर खाच थोडी उघडावयाची आणि पुन्हा ४५ फेरे. हे गणित चौथी-पाचवीतले आहे, परंतु त्याने यंत्राची झीज, बियाचा आकार, सगळ्याचाच निकाल लागतो. ह्या मापाने दर चौरस फुटाला सुमारे ५५ बिया पडतात. त्यातली निम्म्याहून अधिक पहिल्याच वर्षात जातात, आणि हे शेतकऱ्याने गृहीतच धरलेले असते.

पेरण्यापूर्वी बियाला एका विशिष्ट जंतूचे कालवण चोळतात. हे जंतू मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. आणि पेरणीनंतर रूळ आणखी एकदा. ब्रिलियन ह्या विस्कॉन्सिनमधल्या गावी तयार झालेल्या एका यंत्रात तर दोन रूळ आणि त्यांच्या मधोमध बियाची पेटी अशी योजना आहे: पुढचा जमीन दाबतो, बी पडते, मागचा ते मातीत बसवितो. ह्याहून सरळ युक्ती आम्ही दुसरी पाहिली नाही.

एवढ्या कामाला ट्रॅक्टरची शक्ती किती लागते? पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन पुरते. म्हणूनच १९३९ ते १९५३ ह्या काळात साडेतीन लाखांहून अधिक निघालेले फार्मॉल एच, किंवा १९४७ ते १९५२ मध्ये पाच लाखांच्या वर निघालेले फोर्ड ८ एन, ह्या कामाला अजून जुंपले जातात. दोन सिलिंडरचा, धापा टाकल्यासारखा आवाज करणारा जॉन डीअर तर गंमतीचाच; त्याच्या जुन्या नमुन्यांत बाजूचे जड चाक हातांनी ओढून इंजिन चालू करतात. ज्यांना पुढून हँडल मारावे लागते, त्यांच्या बाबतीत म्हातारे लोक नव्या पोराला पहिला धडा हा देतात की, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, हँडलभोवती वळवू नकोस; इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा जायचा. मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः पाडतो, तेव्हा अशा यंत्राला बॅटरीचीही गरज नाही. झाकण काढले की आतले सगळे काम डोळ्यांना दिसते. चार पाने, एक हातोडी आणि थोडी अक्कल असलेला माणूस ते उघडून पुन्हा बसवू शकतो.

हे यंत्र आले कोठून, हेही सांगितले पाहिजे. फार्मॉल बनविणारी इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी १९०२ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्यात मॅककॉर्मिक हा शिकागोचा कापणीयंत्रांचा कारखाना विलीन झाला. ह्याच मॅककॉर्मिकच्या दारात ३ मे १८८६ रोजी संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात निषेधाची सभा भरली आणि तेथे जे घडले त्याच्या स्मरणार्थ जगभर मे दिन पाळला जातो. वसंतातल्या व्याख्यानांच्या दिवसांत आपल्याकडे मे दिनाचे झेंडे लागतात, त्यांचे एक टोक असे ह्या यंत्राच्या घराण्याशी बांधलेले आहे. (फार्मॉलचा लाल रंग मात्र कामगारांचा नव्हे, कंपनीचा, १९३६ पर्यंत तो राखाडी होता.) रॉक आयलंड येथील फार्मॉलचा कारखाना १९२६ मध्ये सुरू झाला आणि १९८५ मध्ये बंद पडला. कारखाना गेला, त्यातला कामगार घरी बसला. त्याने जुळविलेला ट्रॅक्टर मात्र शेतात चालूच आहे, आणि त्याचे सुटे भाग लहान कारखानदार अजून बनवितात.

जुन्याचे कौतुक करताना आम्ही दोन गोष्टी विसरू इच्छीत नाही. पहिली ही की, आज म्हातारा झालेला हा ट्रॅक्टर एके काळी तरुण होता, आणि तेव्हा त्याने माणसे हलविली. १९१०च्या सुमारास अमेरिकेत शेतावर राहणारी लोकसंख्या सुमारे सव्वातीन कोटी होती. १९७० पर्यंत ती एक कोटीच्या आत आली. घोडे गेले, घोड्यांचा ओट गेला, सालगडी गेले. १९३५च्या कायद्याने कारखान्यातील कामगाराला संघटनेचा हक्क दिला, पण शेतमजुराला त्यातून वगळले. ट्रॅक्टर घडविणाऱ्याला युनियन मिळाली. दुसऱ्याच्या शेतात तो हाकणाऱ्याला नाही. दुसरी गोष्ट अपघातांची. जुन्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचविणारी लोखंडी कमान नसते. स्वीडनने ती १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना सक्तीची केली. अमेरिकेत कारखानदार ती सरसकट बसवू लागले ते १९८५ पासून, आणि तेही स्वखुशीने. पुढची दोन चाके जवळ जवळ असलेला ट्रॅक्टर उतारावर सहज कलंडतो. मागचे ओझे खालच्या दांड्याला न बांधता वर आसाजवळ बांधले आणि मागची चाके अडली, तर चाकांऐवजी ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती उलटे फिरते आणि चालकाच्या अंगावर येते. मिनिटाला ५४० फेरे घेणारा मागचा दांडा उघडा असला तर सदऱ्याची बाही पकडल्यावर हात सोडविण्यास वेळच उरत नाही. पेरणीयंत्र जमिनीवरच्या चाकाने चालते, त्याला हा दांडा लागत नाही, हे पेरणाऱ्याचे नशीब. कापणी आणि गठ्ठे बांधताना मात्र तो लागतो. ज्यांना ह्या ट्रॅक्टरांची हौस आहे त्यांनी रंगाच्या डब्याआधी कमान विकत घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कमान बसविल्याने ट्रॅक्टरचे जुनेपण उणावत असेल तर खुशाल उणावू द्यावे.

मग हे सगळे असूनही शेतकरी त्याला का सोडीत नाही? कारण आताच्या मोठ्या ट्रॅक्टरात बिघाड कोठे आहे हे संगणक सांगतो, आणि त्या संगणकाची किल्ली पुष्कळदा शेतकऱ्याजवळ नसते. लाखो डॉलर मोजून घेतलेले यंत्र पेरणीच्या ऐन दिवसांत उभे राहते आणि कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. वाफसा काही त्याच्यासाठी थांबत नाही. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला स्वतःचे यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने ह्याच कारणावरून डीअर कंपनीवर दावा दाखल केला. त्याच कंपनीतील दहा हजारांवर कामगारांनी २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच आठवडे संप करून पगारवाढ मिळविली होती. आम्हांला ही दोन भांडणे निराळी वाटत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात वीस वर्षे यंत्र सांभाळणाऱ्या फिटरला एके दिवशी सांगण्यात आले की, नव्या यंत्राच्या पेटीला सील आहे, हात लावावयाचा नाही. त्याचा पगार तोच राहिला. पण त्याचे ज्ञान त्या दिवशी त्याच्याकडून काढून घेतले गेले, आणि पुढच्या करारात त्याच्या शब्दाची किंमत किती उतरली हे आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर पाहिले आहे.

लसूणघास एकदा नीट लागला की चार-पाच वर्षे त्याच जमिनीत उभा राहतो आणि दर हंगामात तीन-चार कापण्या देतो. त्याची मुळे दहा-पंधरा फुटांपर्यंत खाली जातात. पुढे तो विरळ झाला की मोडून त्या जागी मका घेतात. लगेच पुन्हा लसूणघास पेरून चालत नाही, कारण जुनी झाडे जमिनीत जे द्रव्य सोडतात ते त्याच जातीच्या कोवळ्या रोपांना मारक ठरते. म्हणून पेरणी दर खेपेला निराळ्या तुकड्यात होते, आणि पेरणीयंत्र बहुधा दर वसंतात बाहेर निघते. काम संपले की लहान पेटीतले बी कण न् कण झटकून काढतात, नाही तर उंदीर पेटीत घर करतात. मग तव्यांना ग्रीस, साखळीला तेल, आणि यंत्र पुढच्या एप्रिलपर्यंत छपराखाली.