आंतरवासितेत वैद्यवृत्ताची परीक्षा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, वारंवार पाहिलेले कर्म, दाक्ष्य आणि शौच. पहिल्या तिन्हींची परीक्षा आपली महाविद्यालये कमी-अधिक नेटाने घेतात. चौथ्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही. साडेचार वर्षांचे अध्ययन व एक वर्षाची आंतरवासिता संपवून जो तरुण माजलगावसारख्या गावी दवाखाना थाटतो, तो पाहता पाहता शेकडो घरांचा कुटुंबवैद्य होतो, आणि त्यानंतर त्याच्या वर्तनाकडे पाहणारे वरिष्ठ कोणी उरत नाही.

बीड जिल्ह्यातील वाचकांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. शासनाला चौकशी समिती नेमावी लागली आणि जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. त्यांतील अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. हा प्रश्न हस्तकौशल्याचा नव्हता. अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे एवढ्या तक्रारीवर गर्भाशय काढावे काय, अन्य उपाय तिला सांगितले काय, कर्करोगाची भीती तर घातली नाही ना, हा खरा प्रश्न होता. अशी रुग्णा पुष्कळदा प्रथम गावातल्या वैद्याकडेच येते. पुढे कोणाकडे जावे, ही चिठ्ठीही बहुधा तोच लिहितो.

वर्तनाचे मोजमाप कसे करावयाचे, असा आक्षेप नेहमी येतो. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वैद्यक मंडळांनी पुढे शिस्तभंगाची कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतील नोंदी तपासल्या गेल्या. बेजबाबदारपणाच्या खुणा तेथेच दिसत होत्या. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या अध्यापकांनी २००६ मध्ये २४ मुद्द्यांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. रुग्णाचे नीट ऐकले का, गोपनीयता पाळली का, स्वतःची मर्यादा ओळखली का, हे प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी पाहून नोंदवावयाचे. यात आपल्याला परके काही नाही. शास्त्र शिकून झाल्यावरही राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात उतरावे, असे सुश्रुताचार्यांनी सांगून ठेवलेच आहे.

एका निरीक्षणाने मात्र काही साधत नाही; कोणी पाहत असता सगळेच सज्जन असतात! आंतरवासितेच्या वर्षात निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या नजरांनी पाहिले पाहिजे. परिचारिका व कंपाउंडर यांना जे दिसते ते प्राध्यापकांना दिसत नाही. औषध दुकानदारांनाही दिसते: अनावश्यक औषधांनी लांबलेली चिठ्ठी कोणाची आणि दोन चूर्णांत भागविणारी कोणाची. त्यांचे मत गुणांसाठी नको, परंतु नोंदीसाठी अवश्य घ्यावे.

अडचण परीक्षकांचीच आहे. ज्या चिकित्सालयात कट घेतला जातो, तेथे आंतरवासीच्या शौचाला गुण कोणी द्यावेत? निदान एक निरीक्षक महाविद्यालयाबाहेरचा असावा. माजलगाव परिसरातील ज्येष्ठ वैद्यांनी त्यासाठी महिन्यातून दोन दिवस राखून ठेवले, तर आरंभ येथूनच करता येईल.